नाव, गाव आणि आपली माणसं

लाहोर स्थानकात भारतातून आलेल्या समझोता एक्स्प्रेसमध्ये एकटीच बसलेली एक लहान मुलगी पाकिस्तानी सुरक्षा दलाला सापडली. तिला ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. कराचीच्या एधी फाउंडेशनने तिला वाढवलं, बिल्किस एधी यांनी तिचं नाव गीता ठेवलं आणि २६ ऑक्टोबर २०१५ रोजी ती भारतात परत आली. देशात आली, घरी मात्र पोचली नाही. ती इंदूरच्या एका संस्थेत राहत होती. देशभरातून आईवडील येत होते, ही आमचीच म्हणत होते, डीएनए तपासण्या होत होत्या आणि जुळत काहीच नव्हतं. स्वतःचं नाव, आईवडिलांचं नाव, गावाचं नाव यातलं काहीच तिला सांगता येत नव्हतं. खुणांनी ती सांगायची ते एवढंच: घराजवळ रेल्वे स्टेशन, जवळ नदी आणि देवीचं देऊळ. मराठवाड्यातून थेट सीमेजवळच्या अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस आहे, हे तिच्या सांगण्याशी जोडून कार्यकर्त्यांनी परभणीच्या बाजूला शोध घेतला. २०२१ साली तिची आई सापडल्याचं बिल्किस एधी यांनी जाहीर केलं.

या गोष्टीत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक तर, तिला जे सांगता आलं ते फार थोडं होतं आणि तरी शेवटी तेच उपयोगी पडलं. दुसरी अशी, की ते सांगणं समजून घ्यायला कुणीतरी तिच्यासमोर बसून राहिलं. विशेष गरजा असलेल्या मुलांना स्वतःची प्राथमिक माहिती सांगायला कसं शिकवावं, या विषयावरच्या पुस्तिकेची प्रस्तावना लिहायला बसले तेव्हा या दोन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या. मुलाला सांगता यावं आणि समोरच्याला ऐकता यावं, ही दोन्ही कामं आपलीच आहेत.

विशेष शाळांमध्ये हा विषय नवा नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या मूल्यमापनासाठी आपण ज्या तपासणी याद्या वापरतो, त्यांत ‘स्वतःचं नाव सांगतो’, ‘वडिलांचं नाव सांगतो’, ‘पत्ता सांगतो’ असे रकाने असतातच. शिक्षक विचारतात, मूल सांगतं, रकान्यात खूण होते आणि वैयक्तिक शैक्षणिक कार्यक्रमात पुढचं उद्दिष्ट येतं. माझा आक्षेप या खुणेला आहे. रोजच्या बाईंनी, रोजच्या वर्गात, रोजच्याच शब्दांत विचारल्यावर आलेलं उत्तर म्हणजे माहिती पाठ झाल्याचा पुरावा आहे. सांगता येतं की नाही, हे त्यातून कळत नाही. हरवलेल्या मुलाला बाई विचारणार नाहीत. पोलीस विचारील, एसटीचा कंडक्टर विचारील, जत्रेत लाऊडस्पीकर हातात घेतलेला मंडळाचा कार्यकर्ता विचारील, आणि प्रत्येक जण आपापल्या भाषेत विचारील.

एक मुलगा आठवतो. वर्गात ‘तुझं नाव काय?’ म्हटलं की नाव, वडिलांचं नाव, आडनाव, शाळा, सगळं एका दमात सांगायचा. एकदा सहलीला गेलो असताना स्टँडवरच्या एका आजोबांनी कौतुकाने त्याच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, “कुणाचा रं तू?” मुलगा गप्प. आजोबांनी पुन्हा विचारलं, “गाव कुठलं म्हणायचं?” मुलाने माझ्याकडे पाहिलं, मग चपलांकडे पाहिलं आणि ‘पाचवी ब’ असं म्हणाला. माहिती सगळी त्याच्यापाशी होती. पण त्या शब्दांतला प्रश्न त्याला कधी कुणी विचारलाच नव्हता.

म्हणून या पुस्तिकेतलं पहिलं प्रकरण उत्तरांवर नसून प्रश्नांवर आहे, याचा मला फार आनंद झाला. आपल्याकडे नाव किती तऱ्हांनी विचारतात ते बघा. ‘नाव काय तुझं?’, ‘काय नाव बाळा?’, ‘नाव सांग बघू’, ‘कोण रे तू?’, ‘कुणाची गं?’, ‘आडनाव काय?’, ‘कुठनं आलास?’ आणि मुंबईच्या लोकलमध्ये किंवा नागपूरच्या फलाटावर हमखास येणारं ‘बेटा, नाम क्या है?’ गावाकडे तर बापाचं किंवा घराण्याचं नाव कळल्याशिवाय पोराची ओळखच पटत नाही. मुलाला एकाच साच्यातला प्रश्न शिकवला तर बाकी सगळे प्रश्न त्याला परके राहतात. म्हणून शिपाईमामांनी विचारावं, शेजारच्या वर्गातल्या सरांनी विचारावं, मध्यान्ह भोजन वाढणाऱ्या मावशींनी विचारावं, दुसऱ्या मुलाला न्यायला आलेल्या वडिलांनी विचारावं. यासाठी पैसे लागत नाहीत, साहित्य लागत नाही. आधी ठरवून ठेवावं लागतं, इतकंच.

स्वमग्न मुलांच्या बाबतीत एक अडचण वारंवार येते. ‘तुझं नाव काय?’ विचारलं की मूल ‘तुझं नाव काय?’ हेच परत म्हणतं. किंवा बाईंनी ‘तुझं नाव ओम’ असं शिकवलेलं असतं, म्हणून तेही ‘तुझं नाव ओम’ म्हणतं. पालकांना वाटतं, याला समजत नाही. पण मुलाने जे ऐकलं तेच नीट साठवलं आहे. चूक आपल्या मांडणीत असते, कारण एकच माणूस प्रश्नही विचारतो आणि उत्तरही सांगतो. मग त्या मुलाला प्रश्न आणि उत्तर मिळून एकच लांब वाक्य ऐकू येतं.

यावरचा उपाय पुस्तिकेत सविस्तर दिला आहे, तरी तो इथेही सांगते, कारण तो घरी करता येण्यासारखा आहे. माणसं दोन लागतात. एक जण मुलाच्या समोर बसतो आणि फक्त विचारतो. दुसरा मुलाच्या मागे बसतो आणि प्रश्न संपताक्षणी मुलाच्या कानाशी, मुलाच्या तोंडून यायला हवं तसं ‘माझं नाव ओम’ म्हणतो, किंवा मुलाचा हात नावाच्या कार्डावर नेतो. समोरचा माणूस उत्तर कधीच सांगत नाही. मग मागचा आवाज हळूहळू कमी होत जातो: आधी पूर्ण वाक्य, मग ‘माझं नाव...’, मग नुसतं ‘मा...’, मग खांद्याला हलकासा स्पर्श आणि शेवटी काहीच नाही. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये चित्रांच्या देवाणघेवाणीची ‘पेक्स’ ही पद्धत सुरू केली. तिच्या पहिल्या टप्प्यातही मदत करणारा माणूस मुलाच्या मागेच असतो. समोरच्याशी बोलायचं असतं आणि मागच्यावर विसंबायचं नसतं, हे मुलाला त्या बसण्यातूनच कळत जातं. घरात दुसरं मोठं माणूस नसेल तर थोरली बहीणही मागे बसू शकते. बहिणी हे काम फार छान करतात.

आता माहितीबद्दल. नाव सांगणं सोपं वाटतं, पण आपल्या घरांत एका मुलाला दोन-तीन नावं असतात. शाळेच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर थोड्या निराळ्या स्पेलिंगने दुसरं आणि घरात हाक मारायला सोन्या, पिंट्या, छकुली. ज्याला दिवसभर ‘सोन्या’ म्हणतात त्याने नाव विचारल्यावर ‘सोन्या’ म्हटलं तर ते खरंच आहे. पण पोलीस ठाण्यातल्या हरवलेल्यांच्या नोंदीत सोन्या सापडत नाही. लाडाचं नाव बंद करा असं मी कुणालाही सांगणार नाही, ते मुलाचं हक्काचं आहे. दिवसातून काही ठरावीक वेळा तरी घरच्यांनी पूर्ण नावाने हाक मारावी, एवढं पुरे. शाळेत हजेरीला ती मारली जातेच, मग घरीही जेवायला बोलावताना मारावी. आईचं नावही असंच. ‘आईचं नाव काय?’ या प्रश्नाला आपल्या बहुतेक मुलांचं उत्तर ‘आई’ हेच असतं, कारण घरात आईला तिच्या नावाने हाक मारणारं फारसं कुणी नसतंच. आजी ‘सूनबाई’ म्हणते, बाबा ‘अगं’ म्हणतात. आईच्या फोटोखाली तिचं नाव लिहून ते भिंतीवर लावलं आणि बाबांनी तिला नावाने हाक मारायला सुरुवात केली, की हा धडा निम्मा शिकवून होतो.

फोन नंबरसाठी थोडं थांबायला हवं, कारण घरी पोचवणारी सगळ्यात थेट माहिती आज तीच आहे आणि शिकवताना सगळ्यात गोंधळही तिथेच होतो. दहा आकडे. वर्गात मूल अंक मराठीत शिकतं: नऊ, आठ, दोन. घरी सगळे नंबर सांगतात तो ‘नाइन एट टू’ असा. शिवाय काही जण जोड्या करून ‘अठ्ठ्याण्णव बावीस’ म्हणतात आणि मराठीतले हे जोडअंक तर भल्याभल्यांना चकवतात. घर आणि शाळा यांनी बसून एकच पद्धत ठरवावी, हा पुस्तिकेचा आग्रह मला पूर्ण पटतो. एकेक अंक सुटा म्हणायचा, तीन-तीन-चार असे गट करायचे आणि म्हणायची भाषा घरात रोज चालते तीच ठेवायची. शिकवायचं शेवटून. आपण पहिले नऊ आकडे म्हणायचे आणि शेवटचा मुलाने म्हणायचा. तो जमला की शेवटचे दोन, मग तीन. यात प्रत्येक वेळी नंबर पूर्ण करण्याचं समाधान मुलाच्या वाट्याला येतं. पहिल्या अंकापासून शिकवलं तर प्रत्येक वेळी मूल मध्येच अडतं आणि तिथेच सोडून देतं. नंबर मात्र असा निवडा, जो बदलणार नाही. स्वस्त योजना आली म्हणून सिम बदलणाऱ्या काकांचा नंबर मुलाला वर्षभर घोकायला लावू नका.

पत्त्याबद्दल थोडक्यात. फ्लॅट क्रमांक आणि पिनकोड मुलाला आले तर उत्तमच, पण गाव, तालुका आणि एक ठळक खूण हे आधी. ‘मारुतीच्या देवळामागे’, ‘पाण्याच्या टाकीजवळ’, ‘साखर कारखान्याच्या वसाहतीत’ हा आपल्याकडे पत्ताच असतो. गीताच्या बाबतीत तर तेवढाच होता. या खुणांचे फोटो मोबाईलवर काढून, छापून, लॅमिनेट करून मुलाच्या वहीत लावा.

कधीकधी पालक विचारतात, आता आधार आहे, बोटांचे ठसे आहेत, मग हे सगळं कशाला? ठशांचा उपयोग होतो, याबद्दल शंका नाही. नागपुरात असं घडलंही आहे. रेल्वे स्थानकावर लहानपणी सापडलेला, नीट बोलू न शकणारा एक मुलगा तिथल्या एका कुटुंबात वाढला. शाळेसाठी त्याचं आधार काढायला गेले तेव्हा ठसे आधीच नोंदवलेले निघाले, नोंद जबलपूरची होती आणि २०२१ साली तो मुलगा आपल्या आईवडिलांना भेटला. वाचून कुणालाही आनंद होईल. पण मधली जवळजवळ दहा वर्षं गेलीच. पाच वर्षांखालच्या मुलांचे तर ठसे घेतलेच जात नाहीत. आणि ठशांवरून माणसाची नोंद मिळाली तरी त्याला कुठे दुखतंय, कुणाकडे जायचंय आणि कुणाकडे मुळीच जायचं नाहीये, हे त्यातून कळत नाही.

जी मुलं बोलत नाहीत त्यांच्यासाठीचं प्रकरण या पुस्तिकेत सगळ्यात मोठं आहे आणि ते तसंच असायला हवं. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने संवादाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात ब्रेल आहे, स्पर्शाने केलेला संवाद आहे, खुणा आणि खुणांची भाषा आहे, मोठ्या अक्षरातला मजकूर आहे, चित्रं आणि पर्यायी साधनंही आहेत. म्हणजे कार्ड दाखवून नाव सांगणारी मुलगी कायद्याच्या नजरेतही नाव सांगतेच आहे. शाळांनी तिच्या रकान्यात ‘मदतीने’ असं लिहू नये. चष्मा लावून वाचणाऱ्याच्या पुढे आपण असं लिहीत नाही.

इथे पालकांची एक भीती आड येते, आणि ती खरी असते म्हणून तिला उत्तर द्यायला हवं. चित्रं हातात दिली तर हा कधी बोलणारच नाही, असं आईला वाटतं. ‘दादा, अजून थोडं थांबू, बोलेल तो’ असं म्हणत स्पीच थेरपिस्टला परत पाठवणारी आजी मी पाहिली आहे. मिलर, लाइट आणि श्लॉसर या अभ्यासकांनी २००६ साली आधीच्या संशोधनांचा आढावा घेतला. ज्यांच्याबद्दल भरवशाचा पुरावा होता अशा २७ जणांमध्ये पर्यायी साधनं दिल्यामुळे एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं. ज्या वर्षांत मूल ‘मी’ म्हणायला आणि ‘मला हवं’ म्हणायला शिकतं, ती वर्षं वाट बघण्यात घालवू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

साधन महागच लागतं असं नाही. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं ‘जेलो’ हे ॲप मोफत आहे आणि मराठीत बोलतं. स्पेनमधल्या आरागॉन प्रांताचा ‘आरासाक’ हा चित्रसंग्रह कुणालाही मोफत वापरता येतो. आणि मोबाईलची बॅटरी संपते, पावसात तो बंद पडतो, म्हणून सोबत कागदी कार्ड हवंच. सेरेब्रल पाल्सीमुळे ज्याचे हात वळत नाहीत, त्याच्यासाठी नजर आहे. त्याच्यासमोर दोन फोटो धरायचे, ‘हे तुझं घर?’ विचारायचं आणि थांबायचं. मनात सावकाश दहापर्यंत मोजायचं. आपण दोन सेकंदांत दुसरा प्रश्न टाकतो आणि त्याची मान तोवर अर्ध्यात पोचलेली असते. या मुलांना सगळ्याच्या आधी खात्रीचं ‘हो’ आणि खात्रीचं ‘नाही’ शिकवावं लागतं. मग ते पापणीने असो, जिभेने असो, मुठीने असो. तेवढं असलं की एखादा धीराचा माणूस विचारत विचारत बाकीची माहिती मिळवू शकतो. कर्णबधिर मुलांना खुणांची भाषा मिळावी याबद्दल दुमत नसावं, पण चौकीतल्या हवालदाराला ती येत नसते. त्यामुळे त्यांच्याही खिशात लिहिलेलं कार्ड हवं.

कार्डावर काय असावं? नाव, एक फोन नंबर आणि एक वाक्य: ‘मला बोलायला वेळ लागतो, कृपया थांबा.’ फिट येत असतील किंवा एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल तर तेही. सगळा पत्ता, वर्ग, सुटायची वेळ हे नको. मुलाचं नाव मोठ्या अक्षरांत दप्तराच्या बाहेर लिहिलं की कुणीही अनोळखी माणूस त्याला नावाने हाक मारू शकतो, आणि नाव घेणारा माणूस आपलाच आहे असं आपल्या बऱ्याच मुलांना वाटतं.

याच कारणासाठी पुस्तिकेत ‘कधी सांगायचं नाही’ हा भाग आहे. विचारेल त्याला सगळं सांगावं, मोठ्यांचं ऐकावं, असं वर्षानुवर्षं शिकवलेल्या मुलामुलींना आपण फार उघडं पाडतो. गणवेशातले पोलीस, तिकीट तपासनीस, दवाखान्यातली सिस्टर, शाळेतली माणसं यांना सांगायचं. रिक्षातून हाक मारणाऱ्याला सांगायचं नाही. यासाठी फोटो वापरून खेळ करता येतो आणि तो भरपूर वेळा करावा लागतो. सांगायला नकार देणारं मूल उद्धट झालं म्हणून त्याला रागावू नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आणि ११२ हा आणीबाणीचा क्रमांक ज्यांना जमेल त्यांना याच धड्यात द्यावा. आपल्या शरीराच्या अवयवांची खरी नावंही याच धड्यात येतात. आपल्याबाबतीत काय झालं हे सांगता यायला ते शब्द लागतात. वयात येणाऱ्या मुलींना ‘पाळी आली’, ‘पोटात दुखतंय’ हे सांगायची सोय तर कार्डावर असलीच पाहिजे.

शिक्षक आणि पालक यांच्यापलीकडच्या वाचकांनाही मला एक गोष्ट सांगायची आहे. दवाखान्यात, बँकेत, लग्नघरात आपल्या मुलांसमोर उभं राहून लोक आईला विचारतात, “काय नाव ह्याचं? कितवीला आहे?” मूल तिथेच असतं. त्याचं कार्ड खिशात असतं, नाव त्याच्या ओठांवर असतं. आई उत्तर देऊन मोकळी होते, कारण मागे रांग असते. कृपा करून त्यालाच विचारा. त्याच्याकडे बघून, एकाच वाक्यात विचारा आणि थांबा. आईनेही त्या वेळी गप्प राहायला शिकावं. ते तिला सोपं जात नाही हे मला माहीत आहे, कारण आजवर तीच त्याचा आवाज होत आली आहे. पण एवढ्या मेहनतीने शिकवलेलं उत्तर द्यायची वेळ मुलावर आलीच नाही, तर ते टिकायचं कसं?

पुस्तिकेतल्या कृती क्रमानेच कराव्यात असं नाही. ज्या मुलाला फिरायची सवय आहे, दार उघडं दिसलं की जो बाहेर पडतो, त्याच्यासाठी आधी कार्डाचं प्रकरण उघडा आणि त्याच दिवशी कार्ड त्याच्या खिशात जाऊ द्या, शिकवणं मागाहून होईल. शांत बसणाऱ्या, कुणाशी न बोलणाऱ्या मुलीसाठी आवडीनिवडीच्या पानापासून सुरुवात करा. नावापेक्षा ‘मला भेळ आवडते’ हे सांगायची ओढ तिला अधिक असेल आणि त्या ओढीने ती नावापर्यंत येईल. मोठ्या मुलांसाठी शेवटी दिलेल्या तक्त्यांत सही, जन्मतारीख, यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्रावरची माहिती आणि बँकेच्या अर्जातले प्रश्न आहेत. आपल्या अपंगत्वाबद्दल कुणाला काय सांगायचं हे त्या वयात त्यांनी स्वतः ठरवावं, म्हणून तिथली एक ओळ कोरी ठेवली आहे. ती त्यांनाच भरू द्या. कार्डं दर जूनमध्ये, शाळा उघडताना, नव्याने करा. फोटो बदला, नंबर लागतो का ते स्वतः फोन करून बघा आणि जुनी कार्डं गोळा करून फाडून टाका, म्हणजे चुकीचा नंबर कुणाच्या खिशात राहणार नाही.